वेशीवरचे जनावर

नांदेडहून हैदराबादकडे जाणारी सडक महाराष्ट्राचा निरोप घेते ती देगलूर तालुक्यात. थोडे पुढे गेले की तेलंगणातील मदनूर लागते. दुसऱ्या अंगाला कर्नाटकाचा बिदर जिल्हा. पश्चिमेकडे उदगीरची वाट. देगलूरच्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी अशा चारही बोली कानी पडतात. तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे सांगतात की ही भूमी फार जुन्या काळापासून नांदती आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ साली संस्थानाची भाषावार वाटणी झाली तेव्हा देगलूर मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. माणसांनी नकाशावर रेघ ओढली. त्या रेघेवरून गुरे, शेळ्यामेंढ्या आणि डुकरे मात्र पूर्वीसारखीच ये-जा करीत राहिली. आणि त्यांच्या अंगाखांद्यावरून त्यांचे रोगही.

प्रस्तुत लेखाचा विषय या रोगांचा, विशेषतः डुकरांच्या साथींचा, इतिहास हा आहे. विषय ऐकून काही वाचकांच्या कपाळी आठी पडेल, याची जाणीव आहे. तरीही तो मांडावासा वाटतो, कारण या इतिहासात जनावरांपेक्षा माणसांविषयीच अधिक शिकण्यासारखे आहे.

मराठवाड्याला आपल्या पशुधनाचा अभिमान आहे. लाल कंधारी बैल, देवणी गाय आणि उस्मानाबादी शेळी ही नावे या भूमीने देशाला दिली. बैलासाठी पोळा आहे, गाईसाठी वसुबारस आहे. माळेगावच्या यात्रेत उत्तम जनावरांना बक्षिसे मिळतात. डुकराला सण नाही की बक्षीस नाही. ते वेशीवर, उकिरड्यावर, ओढ्याच्या काठी वाढते, आणि ते पाळणारी माणसेही वेशीवरच राहतात. कैकाडी आणि वडार समाजातील अनेक कुटुंबांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या या जनावरावर चालत आली. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ हा चित्रपट २०१३ साली आला तेव्हा पुष्कळ मराठी प्रेक्षकांना प्रथमच कळले की, कैकाडी बोलीत हा शब्द डुकरासाठी आहे आणि त्याचे ओझे एका शाळकरी मुलाला किती जड होते.

वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या कॅथलिक घरांना हे जनावर परके नाही. लग्नाच्या मांडवात सोरपोतेल आणि इंद्याल नसेल तर पाहुण्यांना चुकल्यासारखे होते. परसातले एक डुक्कर म्हणजे मुलीच्या लग्नाची किंवा सणाची तजवीज, असा हिशेब आपल्या आजीआजोबांनी केला. मठवासी संत अंतोन यांच्या चित्रात त्यांच्या पायाशी डुक्कर दिसते, तेही काही उगाच नाही. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये त्यांच्या नावाने रुग्णसेवेचा एक संघ स्थापन झाला. त्या बंधूंची डुकरे गळ्यात घंटा बांधून गावभर मोकळी चरत आणि त्यांची चरबी रुग्णांच्या मलमात वापरली जाई. उलटपक्षी, उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तात तो तरुण डुकरे राखण्याच्या कामाला लागतो, तेव्हा त्याच्या अधःपाताची परिसीमा झाली असे ऐकणाऱ्यांना वाटले असणार. एकच जनावर कुणाला घरचे, कुणाला घृणास्पद. या घृणेचा आणि साथीच्या रोगांचा संबंध किती निकटचा आहे, हे पुढे दिसेल.

रोम आणि लंडन, १७१४

पशुरोगांच्या नियंत्रणाचा शास्त्रशुद्ध इतिहास रोममध्ये सुरू होतो, असे म्हणावयास हरकत नाही. १७११ साली गुरांची एक भयंकर साथ पूर्वेकडून व्यापाराच्या गुरांबरोबर उत्तर इटलीत शिरली आणि दोन वर्षांत पोप महोदयांच्या राज्यात येऊन पोहोचली. आपल्याकडे ज्या रोगाला बुळकांडी म्हणत, तोच हा रोग. गुरांना ताप येई, नाकातोंडातून स्राव वाहे, जुलाब होत आणि आठवडाभरात जनावर कोसळे. लोकांनी काढे पाजले, नवस केले, डाग दिले. गुण आला नाही.

पोप अकरावे क्लेमेंट यांचे वैद्य जोव्हान्नी मारिया लान्चीसी यांनी वेगळा विचार मांडला. रोग कोणत्या सूक्ष्म कारणाने होतो, हे त्या काळी कुणालाच ठाऊक नव्हते. विषाणूचा शोध लागायला अजून पावणेदोनशे वर्षे अवकाश होता. परंतु हा रोग जनावरापासून जनावराला लागतो, इतके लान्चीसींनी अचूक ओळखले होते. त्यांचा सल्ला असा : आजारी आणि संशयित गुरे तत्काळ मारावीत, खोल खड्ड्यात चुना घालून पुरावीत, गुरांची ने-आण बंद करावी, गोठे धुवून काढावेत. १७१४ मध्ये पोप महोदयांनी तशी आज्ञा काढली. ती मोडणाऱ्या सामान्य माणसाला देहदंड आणि धर्मगुरूला आजन्म गलबतावर वल्ही मारण्याची शिक्षा होती. धर्मगुरूंनाही सूट दिली नाही, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळते. साथ काही महिन्यांत आटोक्यात आली. जिथे असे उपाय झाले नाहीत तिथे ती वर्षानुवर्षे धुमसत राहिली.

त्याच वर्षी हा रोग लंडनच्या आसपास पोहोचला. तेथे राजे पहिले जॉर्ज यांचे शल्यवैद्य थॉमस बेट्स यांनी जवळजवळ हेच उपाय योजले. एक फरक मात्र मोलाचा होता. मारलेल्या प्रत्येक गाईमागे मालकाला चाळीस शिलिंग द्यावेत, अशी तजवीज त्यांनी करविली. हेतू सरळ होता : ज्याला भरपाई मिळणार, तो रोग लपविणार नाही. लंडनची साथही काही महिन्यांत शमली.

एकाच वर्षी दोन नगरांनी एकच शत्रू दोन साधनांनी जिंकला. रोमने भय वापरले, लंडनने भरपाई. पुढच्या तीनशे वर्षांचा पशुरोगांचा इतिहास या दोन शब्दांभोवती फिरत राहिला आहे.

बुळकांडीचा अंत

हिंदुस्थानात बुळकांडीने किती शेतकऱ्यांना देशोधडीला लावले, त्याची गणतीच नाही. बैल गेला की नांगर उभा राहिला, नांगर उभा राहिला की सावकाराचे दार गाठणे आले. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या गुरांच्या साथीच्या आयोगाने १८७१ साली आपला अहवाल दिला. १८८६ मध्ये मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. १८८९ मध्ये पुण्यात जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा उघडली आणि १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. याच मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू शेळ्यांच्या देहातून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केला आणि त्यापासून लस सिद्ध केली.

जगाच्या पशुवैद्यक इतिहासात हिंदी गुरांचे आणखी एक स्थान आहे. १९२० मध्ये हिंदुस्थानातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरात उतरविली गेली आणि त्यांच्यापासून तेथे बुळकांडी पसरली. एका देशाचा रोग उद्या दुसऱ्याच्या दारी येतो, हे युरोपला नव्याने उमगले. त्या धक्क्यातून २५ जानेवारी १९२४ रोजी २८ राष्ट्रांनी पॅरिस येथे पशुरोगांसाठी आंतरराष्ट्रीय कार्यालय स्थापन केले. जागतिक पशुआरोग्य संघटना या नावाने आज ते ओळखले जाते. संयुक्त राष्ट्रसंघाच्याही आधीची ही संस्था आहे.

स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये बुळकांडी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. कोट्यवधी गुरांना लस टोचण्यात आली आणि रोग झपाट्याने ओसरला. पण संपला नाही. काही भागांत तो पुढे कित्येक वर्षे तग धरून राहिला. १९९२ नंतरच्या नव्या मोहिमेत लशीइतकाच भर शोधावर देण्यात आला. पशुधन कर्मचारी गावोगावी जाऊन विचारू लागले : तोंड आलेले, जुलाब होणारे जनावर कुठे दिसले काय? गुरांच्या वाटांवर, बाजारांत, सीमांवर हीच चौकशी. १९९५ मध्ये भारतातील अखेरची साथ नोंदली गेली. त्यानंतर लस थांबविण्यात आली, कारण लशीवाचूनही रोग येत नाही हे सिद्ध करावयाचे होते. २००६ मध्ये भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ मध्ये सारे जग. माणसांतील देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. देगलूरच्या बाजारात आज बैल विकत घेणाऱ्या तरुणाला बुळकांडी हा शब्दही ठाऊक नसेल. आजोबांचे भय नातवाला ठाऊक नसावे, याहून मोठे यश ते कोणते?

या यशात लशीचा वाटा मोठा आहे. परंतु लस गावापर्यंत आली ती बैलाला गावात मान होता म्हणून. सरकारला बैलाची काळजी होती. डुकराची तेवढी नव्हती.

डुकरांचे दोन ताप

डुकरांना होणारे दोन ताप डोळ्यांना सारखेच दिसतात. जनावर खाणे सोडते, अंग तापते, एकमेकांच्या अंगावर पडून राहते. कान, पोट आणि मांड्या तांबड्या-निळसर होतात. पुष्कळदा रक्ताचे जुलाब होतात, आणि मग एकापाठोपाठ एक जनावरे मरतात. पहिला ताप अभिजात वराहज्वर, दुसरा आफ्रिकी वराहज्वर. नावे सारखी असली तरी त्यांचे विषाणू अगदी भिन्न आहेत. कोणता ताप आहे, हे प्रयोगशाळेवाचून सांगता येत नाही. माणसाला मात्र या दोहोंपैकी एकही होत नाही.

पहिला ताप आपल्याकडे जुना आहे. महाराष्ट्रातील या रोगाची निरीक्षणे १९६२ साली भारतीय पशुवैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. योगायोग असा की, त्याच वर्षी अमेरिकेने या रोगाविरुद्ध राष्ट्रव्यापी मोहीम उघडली आणि १९७८ मध्ये तो देश त्यापासून मुक्त झाला. आपल्याकडे तो अद्याप ठाण मांडून आहे. लस नव्हती असे नाही. सशांच्या देहात वाढविलेल्या विषाणूची लस कित्येक दशके तयार होत होती; पण एका सशाच्या प्लीहेतून जेमतेम पन्नास मात्रा मिळत. २०२० च्या आरंभी भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची पेशींवर वाढविलेली नवी लस जाहीर झाली, तेव्हा सरकारनेच सांगितले की, देशाला वर्षाकाठी २ कोटींहून अधिक मात्रांची गरज आहे आणि जुन्या पद्धतीने सुमारे १२ लाख मात्राच तयार होतात. म्हणजे वीस डुकरांपैकी एकाच्या वाट्याला लस येणार. आणि ते एक डुक्कर देगलूरच्या उकिरड्यावरचे नसणार, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

दुसऱ्या तापाची कथा अधिक विलक्षण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी केनियात गोऱ्या वसाहतवाल्यांनी युरोपातून डुकरे आणली आणि ती पटापट मरू लागली. आर. ई. माँटगोमेरी यांनी १९२१ मध्ये या रोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. आफ्रिकेतील रानडुकरांच्या अंगी हा विषाणू राहतो, पण त्यांना त्याची बाधा होत नाही. त्यांच्या बिळांतील गोचिडांतही तो वर्षानुवर्षे टिकतो. पाळीव डुकरांचा मात्र तो काळ ठरतो.

१९५७ मध्ये हा रोग प्रथम आफ्रिकेबाहेर आला, तो पोर्तुगालच्या लिस्बन शहरी. विमानांतून उतरविलेले उरलेसुरले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले जाई, आणि त्या खरकट्यातील मांसातून विषाणू आला. ती साथ विझविली; १९६० मध्ये तो परत आला आणि त्याच वर्षी स्पेनमध्ये शिरला. पुढे २००७ मध्ये जॉर्जिया देशात काळ्या समुद्राच्या बंदरातून आला, तेथून रशिया आणि पूर्व युरोप, २०१८ च्या ऑगस्टमध्ये चीन. जगातील जवळजवळ निम्मी डुकरे असलेल्या त्या देशात त्याने हाहाकार उडविला. या सबंध प्रवासात विषाणू आपल्या पायांनी फार थोडा चालला. त्याला माणसाने नेले : जहाजातून, विमानातून, मालमोटारीतून, शिदोरीतून. गोठविलेल्या मांसात तो वर्षानुवर्षे आणि खारविलेल्या मांसात महिनोन्‌महिने जिवंत राहू शकतो.

दोन देश, दोन वाटा

स्पेनने या रोगाशी पस्तीस वर्षे झुंज दिली. प्रारंभीचे प्रयत्न अपुरे पडले. १९८५ मध्ये नवी योजना आली. फिरत्या पशुवैद्यकांची पथके गोठ्यागोठ्याला जाऊ लागली. रक्ततपासणी होऊ लागली. गोचिडांचे आश्रयस्थान झालेले जुने गोठे पाडून नवे बांधण्यास साहाय्य मिळाले. मारलेल्या डुकरांची भरपाई देण्यात आली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लहान डुकरपाळ्यांनी आपापले आरोग्यसंघ स्थापिले आणि पशुवैद्यकाची सोय मिळून केली. १९९५ मध्ये स्पेन रोगमुक्त झाला. त्यानंतर तीस वर्षांनी, २०२५ च्या नोव्हेंबरात, बार्सिलोनाजवळच्या रानडुकरांत हा विषाणू पुन्हा सापडला. पहारा कधीच संपत नाही, हा त्याचा अर्थ.

हैतीची वाट वेगळी झाली. कॅरिबियन समुद्रातील हा गरीब, बहुसंख्य कॅथलिक देश. तेथील खेड्यातील कुटुंबाची सारी पुंजी म्हणजे काळे, काटक, गावठी डुक्कर. ते उष्टेमाष्टे आणि पडलेली फळे खाऊन वाढे. शाळेची फी, दुखणे, अंत्यसंस्कार, सारे त्याच्यावर भागे. १९७८ मध्ये शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकात आणि पाठोपाठ हैतीत आफ्रिकी ताप आला. अमेरिकेच्या पुढाकाराने आणि पैशाने १९८१ ते १९८३ या काळात हैतीतील उरलेली, साडेतीन लाखांहून अधिक गावठी डुकरे मारण्यात आली. रोग नाहीसा झाला, हे खरे. भरपाई मात्र पुष्कळांच्या हाती पोहोचलीच नाही. बदली म्हणून अमेरिकेतून आणलेल्या डुकरांना सिमेंटची जमीन, स्वच्छ पाणी आणि विकतचे खाद्य लागे. हैतीच्या माणसालाच जे मिळत नव्हते, ते डुकराला कोठून द्यावे? लोकांनी त्या पाहुण्यांना ‘चार पायांचे राजपुत्र’ असे नाव ठेवले. पूर्वी सालेशियन धर्मगुरू असलेले आणि पुढे हैतीचे राष्ट्राध्यक्ष झालेले झाँ-बेर्त्राँ आरिस्तीद यांनी या घटनेचे दुःख आपल्या लेखनात नोंदविले आहे. स्पेन आणि हैती या दोन्ही देशांतून रोग गेला. स्पेनमध्ये डुकरपाळ्या उरला. हैतीत तो उद्ध्वस्त झाला.

तिसरे उदाहरण तर रोगाचेही नव्हे, नावाचे आहे. २००९ मध्ये माणसांत पसरलेल्या फ्लूला ‘स्वाइन फ्लू’ म्हणण्यात आले. तो माणसाकडून माणसाला होत होता. त्या ऑगस्टमध्ये पुण्यात पहिला बळी गेला आणि शहर भयाने गोठले, ते अनेकांना आठवत असेल. इजिप्तमध्ये मात्र सरकारने देशातील सारी, सुमारे ३ लाख, डुकरे मारण्याचा हुकूम सोडला. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची गरज नाही असे सांगूनही ती मारली गेली. ती डुकरे होती कैरोचा कचरा वेचणाऱ्या कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांची. शहराचा ओला कचरा ती खात असत. डुकरे गेली आणि थोड्याच दिवसांत कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. वेशीवरच्या जनावराने आणि वेशीवरच्या माणसाने शहराची केवढी सेवा केली होती, हे तेव्हा कळले.

आपल्या दारी

२०२० च्या मे महिन्यात, सारा देश टाळेबंदीत असताना, आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आफ्रिकी वराहज्वर आल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने निश्चित केले. आसामात २०१९ च्या गणनेप्रमाणे २१ लाख डुकरे होती. देशात सर्वांत अधिक. पुढच्या वर्षी रोग मिझोराममध्ये पोहोचला. तेथील ख्रिस्ती कुटुंबांच्या परसात डुक्कर म्हणजे नाताळ, नवीन वर्ष आणि लग्नकार्य यांची शिदोरी. हजारो गोठे रिते झाले. २०२२ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उत्तर भारत, मध्य प्रदेशातील रीवा आणि केरळातील वायनाड येथे रोग दिसला. ईशान्येकडून वायनाडपर्यंत तो दोन वर्षांत पोहोचला, तो वाऱ्याने नव्हे. वाहनांतून आणि मांसातून.

केंद्र सरकारच्या कृती आराखड्याप्रमाणे रोगाच्या केंद्राभोवती एक किलोमीटरच्या परिघातील डुकरे मारावी लागतात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख ठेवावी लागते. या सर्वांना २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याचा आधार आहे. मारलेल्या डुकरासाठी केंद्र व राज्य मिळून भरपाई देतात : लहान पिलाला कमी, मोठ्या जनावराला अधिक. थॉमस बेट्सची युक्ती तीनशे वर्षांनी आपल्या कायद्यात आली आहे. पण त्यात एक अट आहे. भरपाई मारलेल्या जनावराची मिळते. रोगाने आधीच मेलेल्याची नाही. जो पहिल्या दिवशी खबर देतो, त्याचे काही वाचते. जो आठवडाभर वाट पाहतो, त्याच्या हाती काहीच राहत नाही.

येथेच देगलूरचा प्रश्न उभा राहतो. २०२२ मध्ये गुरांत लम्पी त्वचारोग पसरला तेव्हा महाराष्ट्र सरकारने जनावरांचे बाजार बंद केले, सर्व गुरांना मोफत लस दिली आणि मेलेल्या गाईसाठी ३०,००० व बैलासाठी २५,००० रुपये साहाय्य जाहीर केले. ते योग्यच झाले. शेतकऱ्याच्या नावावर सात-बारा होता, बँकेत खाते होते, गावात शब्दाला वजन होते. वेशीवर डुकरे पाळणाऱ्याकडे यांतले काय असते? त्याची डुकरे मोजणीत क्वचितच येतात. ती मेली तर तो कुणाला सांगणार? सांगितले, तर नगरपालिका ‘ही घाण येथून हलवा’ एवढेच म्हणेल, ही त्याची भीती. मग तो काय करतो? आजारी जनावर मरण्यापूर्वी विकून टाकतो, उरलेली दुसऱ्या गावच्या नातलगाकडे धाडतो, मेलेले ओढ्यात टाकतो. तो दुष्ट आहे म्हणून नव्हे. त्याला भय माहीत आहे, भरपाई माहीत नाही. आणि देगलूरसारख्या गावातून ‘दुसरे गाव’ म्हणजे कधी कधी दुसरे राज्य असते.

गोठ्याच्या दारात

आफ्रिकी तापावर औषध नाही. व्हिएतनामने गेल्या काही वर्षांत लशींना मान्यता दिली असली, तरी जगाने निःशंकपणे स्वीकारावी अशी लस अद्याप नाही. म्हणजे आपण पुन्हा लान्चीसींच्या काळात आहोत : ओळखा, अडवा, पुरा, स्वच्छ करा. सुदैवाने दोनचार डुकरे पाळणाऱ्याच्या आवाक्यातील उपाय साधे आहेत. लिस्बनचा धडा पहिला : हॉटेलातील वा लग्नघरचे खरकटे घालावयाचे तर ते अर्धा तास चांगले उकळावे आणि ढवळावे, त्यात डुकराचे मांस असेल तर मुळीच घालू नये. नवे जनावर आणले तर महिनाभर निराळे बांधावे. डुकरे मोकळी न सोडता आवारात ठेवावीत, कारण उकिरड्यावर गावभरच्या डुकरांची गाठ पडते. व्यापाऱ्याला किंवा खाटकाला गोठ्यात येऊ देऊ नये. जनावर दारापर्यंत आणून दाखवावे. गोठ्यात जाण्यायेण्यासाठी एक वेगळी चपलांची जोडी ठेवावी. मेलेले जनावर कापू नये, विकू नये, पाण्यात टाकू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. अभिजात तापाची लस वेळेवर टोचून घ्यावी, म्हणजे एका शंकेचे तरी निरसन होते.

आणि एकाएकी दोन डुकरे मेली, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी. देगलूरच्या माणसाला विद्या दूर नाही. उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९८७ पासून आणि परभणीचे १९७२ पासून मराठवाड्यातच उभे आहे. अंतर आहे ते मैलांचे नव्हे, विश्वासाचे. स्पेनमधील आरोग्यसंघांसारखे पाचपंचवीस डुकरपाळ्यांचे संघ आपल्या तालुक्यांतून उभे राहिले, तर हे अंतर कमी होईल. आपल्या धर्मग्रामांतील पतपेढ्या आणि समाजकेंद्रे यांना असे काम नवे नाही. फक्त वेशीपर्यंत चालत जाण्याची तयारी हवी.

इतिहास सांगतो की, साथ प्रथम ज्याला दिसते तो बहुधा मोठा माणूस नसतो. सकाळी गोठ्यात गेलेली एखादी बाई, शाळेला जाण्याआधी डुकरांना पाणी घालणारा एखादा मुलगा, यांना ती प्रथम दिसते. साऱ्या जिल्ह्याचे, कधी साऱ्या राज्याचे पशुधन त्या क्षणी त्या एका माणसाच्या तोंडाकडे पाहत असते. तो बोलला तर साथ एका किलोमीटरात थांबते. गप्प बसला तर ती सडकेने हैदराबादला जाते. त्याला बोलावेसे वाटेल, असा आपला शेजार आहे काय? बुळकांडीचा अंत करणाऱ्या देशाने एवढा प्रश्न स्वतःला विचारावयास हवा.